मोह जाळलेलं घर

आमच्या घरात तेल सोडून काहीच पुरत नव्हतं. भात होळीपर्यंत कसाबसा जायचा. मग कण्या, कण्या संपल्या की आंबील, आणि पुढे आंबिलीतलं पाणी वाढत जायचं. शेत म्हणजे नाल्याकाठच्या भाताच्या दोन बांध्या. पाऊस जास्त झाला की बांध फुटायचे, कमी झाला की जमीन भेगाळायची. बाबा हिवाळ्यात बांबू तोडायला जंगलात जायचे आणि त्याची मजुरी हातात येईपर्यंत उन्हाळा लागायचा. थंडीत मी आणि माझा मोठा भाऊ चुलीकडे पाठ करून झोपायचो. पाठ गरम आणि पोट थंड. शाळेत गुरुजी विचारायचे, आज काय जेवून आलात, तेव्हा मी भाजी-भात म्हणायची. मला खोटं बोलायला आवडत नाही, तेव्हाही आवडत नव्हतं. पण तेवढं बोलायची.

तेल मात्र होतं. मोहाचं. मोहाची फुलं सगळ्यांना माहीत आहेत, दारूमुळे. फुलं गळून गेल्यावर पावसाच्या तोंडाशी त्याच झाडाला फळं येतात आणि फळाच्या आत तपकिरी चकचकीत बी असते, तिला आमच्याकडे टोरी म्हणतात. टोरीचं तेल काढतात. थंडीत ते तुपासारखं गोठतं, पिवळट पांढरं. माय मडक्यात बोट घालून ते खरवडायची. त्यातच भाजी फोडणीला पडायची, त्यातच सणाचे वडे तळायचे. भेगाळलेल्या टाचांना तेच, बाळंतिणीच्या पाठीला तेच, बैलाच्या खांद्यावरच्या जखमेला तेच. केसांना तर विचारू नका. पुढे आश्रमशाळेत राहायला गेले तेव्हा बाहेरगावच्या मुली माझ्याजवळ बसायच्या नाहीत. म्हणायच्या, हिच्या डोक्याले मोहाचा वास येते. येत होता. माझ्या सगळ्या गावाच्या डोक्याला येत होता.

तेल काढायची आमची रीत सांगते, कारण आता ती सांगण्यापुरतीच उरली आहे. टोरी दगडानं फोडायची, आतल्या डाळी कडक उन्हात वाळवायच्या, इतक्या की दाताखाली कट्‌ वाजली पाहिजे. ओल राहिली तर बुरशी येते आणि तेल कडू होतं. मग उखळात कुटायचं, टोपलीत भरून उकळत्या पाण्याच्या मडक्यावर वाफवायचं आणि वाफ असतानाच वेलीच्या विणलेल्या पिशवीत दाबून भरायचं. ती पिशवी दोन जाडजूड फळ्यांच्या मध्ये. ह्या फळ्या गावात एकच जोड होत्या, पाटलाच्या आवारात चिंचेखाली. वरच्या फळीच्या टोकावर माणसं बसायची आणि खाली मडक्यात तेलाची धार लागायची. बसायला जाड बायांना बोलावणं असायचं.

"बाई, ये वं इकडे. तू बसली का दुसऱ्या कोणाचं काम नाई."

"बसते ना. मंग तेल निघालं तं अर्धं माझ्या बुडाचं."

असं चालायचं. माझी माय फळीवर बसायची नाही. ती पिशवी भरायची. पिशवी कशी भरली त्यावर तेल किती निघतं हे ठरतं, आणि गावात तिच्यासारखी पिशवी भरणारं कोणी नव्हतं. उरलेली पेंड नदीकाठचे मासे धरणारे ढीवर घेऊन जायचे. उथळ डोहात ती कालवली की मासे गुंगून वर येतात. बदल्यात ते सुकट देऊन जायचे. तर असं आमचं चाललेलं होतं. वाईट होतं, पण तेलाच्या बाजूनं आम्ही कोणापेक्षा कमी नव्हतो.

मोह जंगलात असतो, पण कोणता मोह कोणाचा हे गावाला पक्कं माहीत असतं. कागद नाही काही. आजानं बापाला दाखवला, बापानं पोराला. ज्या घराला मोह, त्या घराला फळ्यांवर तेल काढायची पाळी. सोयरीक बघायला आलेले लोक आधी मोहाची चौकशी करायचे, मग पोरीची. आणि घरात कोणी मेलं तर उशाशी जो दिवा लागतो, तो त्याच घराच्या टोरीच्या तेलाचा लागतो. आमच्या घराचे तीन मोह होते. एक थोरला, माझ्या दोन कवेत न मावणारा, आतून पोकळ पण दरवर्षी लदलेला. त्याच्या बाजूला दोन मध्यम.

फाल्गुनात फुलं गळायला लागायच्या आधी आमच्याकडे सगळेच एक काम करतात. मोहाखालचा पालापाचोळा जाळतात. फूल पानांत पडलं तर दिसत नाही, काळ्या साफ जमिनीवर पडलं तर वेचता येतं. बाबांनीही त्या वर्षी जाळला, जसा त्यांच्या बापानं जाळला होता. एरवी ते हातात ओल्या पानांची डहाळी घेऊन शेवटची ठिणगी विझेपर्यंत उभे राहायचे. त्या दिवशी मधेच निरोप आला की बांबूची मजुरी वाटप चालू आहे, आत्ता ये, साहेब दुपारी निघून जाईल. बाबा गेले. माझा भाऊ तापानं पडलेला, माय नाल्यावर. मी होळीच्या सुट्टीत घरी आले होते आणि मायसोबत कपडे धूत होते. वारा सुटला तो आम्हाला बरा वाटला, घाम वाळला.

थोरल्या मोहाच्या पोकळीत आग शिरली. पोकळ झाड पेटलं की ते बाहेरून जळत नाही, आतून जळतं, चुलीच्या धुराड्यासारखं. वरच्या फांद्यांना फुलं होती आणि खोडातून धूर. गावानं माती फेकली, पाणी फेकलं, काही उपयोग झाला नाही. कित्येक दिवस ते आतल्या आत धुमसत राहिलं. मग कोसळलं ते नेमकं बाजूच्या मोहावर. त्याचे सगळे फाटे मोडले. तिसरा एका अंगानं भाजला होता. त्याला त्या वर्षी फूल आलं, पुढच्या वर्षी नुसती पानं, मग तीही नाही.

बाबा मजुरी घेऊन आले होते. ते पैसे त्यांनी मायच्या हातात दिले आणि झाडाकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या पायाला फोड होते. 

गावाची बैठक बसली. बाबा एका कडेला उकिडवे बसले होते. बाया मागे, मीही मागे. पाटील म्हातारा माणूस, वाईट नव्हता. तो म्हणाला, "भाऊ, मोह जळला ते वाईट झालं. पण आता दुसऱ्याच्या वाट्यातला तुले कसा देऊ? आज तुले देला तं उद्या आणखीन कोणी जाळून येईन."

बाबा म्हणाले, "मी मागून नाई राह्यलो."

"मंग बसला काऊन इथी?"

थोडं हसू झालं. मागून कोणीतरी म्हणालं, "जाळला तं एक लाव म्हणा त्याले."

आता सगळेच हसले, कारण मोह कोणी लावत नाही. आंबा लावतात, चिंच लावतात, मोह आपला येतो. पाटलालाही हसू आलं, पण बैठकीत बोलायचं म्हणून त्यानं ते हसू आवरलं आणि म्हणाला, "हो, तेच. ज्या घरानं मोह जाळला त्यानं एक मोह उभा करून दाखवावा. त्याले टोरी लागली का मंग त्या घराचा वाटा, त्या घराची पाळी. तोवर नाई."

घरी येताना शेजारचा काका बाबांच्या बरोबरीनं चालत म्हणाला, "मोह लावजो भाऊ. मोह लागला का मंग नदीही लाव एखादी."

घरी माय म्हणाली, "मजाक केली त्याइनं. मनावर नोका घेऊ."

बाबा म्हणाले, "पाटील बोलला. बैठकीत बोलला."

तिथून पुढे आमच्या घराचं दुसरं काही महत्त्वाचं राहिलं नाही. मोह उभा राहतो की नाही, एवढंच.

घरातलं तेलाचं मडकं दिवाळीच्या आत संपलं. रेशनवर पामतेल यायला लागलं होतं, ते भाऊ बाजारच्या गावाहून आणायचा. त्याला वास नव्हता, चव नव्हती, आणि थंडीत ते गोठायचंही नाही. माय म्हणायची, पाण्यात भाजी शिजवल्यासारखं लागते. पाळी गेली तरी पिशवी भरायला बाया तिलाच बोलवत. ती जायची. दुसऱ्यांच्या टोरीची पिशवी भरायची आणि संध्याकाळी हात तेलकट घेऊन घरी यायची. एकदा मी तिला दारात बसून ते हात स्वतःच्या टाचांवर घासताना पाहिलं. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "काय पाह्यतं? धुऊनच टाकाचं होतं ना."

बाबांनी पहिल्याच पावसात टोरी पेरली. पाटलाच्या वाळत घातलेल्या ढिगातली पसाभर मागून आणली, त्यातली भरीव, चकचकीत निवडली. जुन्या मोहाची राख जिथं होती तिथंच खड्डे केले. काही आलं नाही. पुढच्या वर्षी मामाच्या गावाहून चांगली टोरी आणली, अजून कडक वाळवून, कारण बी चांगलं वाळलं की चांगलं उगवतं हे भाताचं सगळ्यांना माहीत. पाऊस लांबला तर नाल्यावरून मडक्यानं पाणी घातलं. काही आलं नाही. तिसऱ्या वर्षीही नाही. लोक बांधीवर जाताना त्या बाजूनं मुद्दाम जायचे.

"भाऊ, किती लागले मोह?"

बाबा खड्ड्याशी वाकून माती सारखी करत राहायचे. आधी ते संध्याकाळी चावडीवर जाऊन बसायचे, ते बंद झालं. जेवताना ताटाकडे बघत राहायचे. माय म्हणायची, जेवा. मग जेवायचे.

भाऊ घुग्घुसला गेला. तिथं कोळशाच्या गाड्या भरायचं काम होतं. पहिल्या दिवाळीला आला तेव्हा त्याच्या डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या काळ्या होत्या, धुऊन निघत नव्हत्या. बाबांनी त्याला खड्डे दाखवले. तो म्हणाला, "बाबा, सोडा ना हे. मोह घेऊन काय करता? तेल पाकिटात भेटते." बाबा म्हणाले, "तुह्या उशाशी पाकीट ठेवू काय?" भाऊ दुसऱ्या दिवशीच गेला. पुढे तो कमी येत गेला, मग लग्नही तिकडंच केलं.

मी दहावी झाले आणि अकरावीला चंद्रपूरला गेले. आमच्या गावातून बारावी झालेली मी पहिली पोरगी, आणि चंद्रपूरच्या कॉलेजात गेलेलं पहिलंच माणूस, पोरगे धरून. काही लोकांना मी हे सांगते ते मिरवणं वाटतं. वाटू दे. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पुस्तकं आहेत त्यांनी मिरवू नये, त्यांनी काय केलं त्यात.

वसतिगृहात माझ्या खोलीत वरोऱ्याची एक मुलगी होती, विज्ञान शाखेची. तिच्या घरी कापसाचा आणि सोयाबीनचा व्यापार, जंगल तिनं सहलीत पाहिलेलं. एकदा रात्रीच्या जेवणावर घरच्या गोष्टी निघाल्या तेव्हा मी तिला बाबांचं सांगितलं, हसण्यावारी न्यायचा प्रयत्न करत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "वाळवून लावतात का ते बी?"

"मग काय ओलं लावतात?"

"काही बिया वाळल्या की मरतात. आंब्याची कोय कशी, वाळली की गेली. आमच्या प्रॅक्टिकलला होतं. फळातून काढून लगेच लावायला सांग."

मी रात्रभर त्यावर विचार केला असं नाही, झोपले. पण उन्हाळ्यात घरी गेल्यावर बाबांना सांगितलं. ते अंगणात खाटेवर बसले होते, बांबूची काडी सोलत. मी म्हटलं, "बाबा, टोरी वाळली का मरते. ओलीच लावावी लागते, फळातली, त्याच दिवशी."

ते काडी सोलत राहिले. ती सोलून ठेवली आणि म्हणाले, "कोण म्हणते?"

"कॉलेजातली पोरगी."

"आपण तं तिले वाळवतोच."

एवढंच म्हणाले. मला तेव्हाच कळलं की हे खरं आहे, आणि त्यांनाही कळलं. आमच्या गावाला टोरीचं सगळं माहीत होतं. कोणत्या उन्हात वाळवायची, किती कुटायची, वाफ किती द्यायची. पण ते सगळं तेल काढायचं माहीत होतं. बी मेल्यानंतरचं. बी जिवंत असताना तिचं काय करतात हे कोणी कधी केलंच नव्हतं, म्हणून कोणाला माहीतही नव्हतं. आणि बाबांनी तीन पावसाळे मेलेल्या बियांना पाणी घातलं होतं.

त्या वर्षी मृगाच्या आसपास फळं पडायला लागली तेव्हा बाबा दुसऱ्यांच्या मोहाखाली पडलेली पिकलेली फळं वेचायचे, वटवाघळांनी अर्धी खाल्लेली, आणि तिथूनच सरळ खड्ड्यांकडे जायचे. घरीसुद्धा यायचे नाहीत. पाऊस लागल्यावर बघता बघता उगवली. लालसर कोवळी पानं, हाताच्या बोटांएवढी रोपं. मायनं मला बोलावून दाखवली. मला वाटलं बाबा काही बोलतील. ते रोपांच्या मधलं गवत काढत होते.

मी इथंच थांबवलं असतं तर लोकांना बरं वाटलं असतं. पण झालं ते असं. हिवाळ्यात बकऱ्यांनी अर्धी खाल्ली. बाबांनी काटेरी कुंपण केलं. मग फाल्गुन आला आणि सगळ्या गावानं आपापल्या मोहाखाली पाला जाळला. बाबांच्या रोपांच्या चहूबाजूंनी लोकांचे मोह. आग रांगत आली आणि कुंपणासकट सगळं गेलं.

पुढच्या वर्षी पुन्हा लावली. त्या फाल्गुनात बाबा घरोघरी गेले. म्हणाले, माझ्या बाजूनं जाळू नका, मी तुमच्या झाडाखाली झाडून देतो. सगळ्यांच्या झाडाखाली झाडून देतो, काट्या वेचून देतो, पाला वाहून नेतो. काहींनी झाडून घेतलं आणि उरलेला पाला जाळला. बैठकीत बोलायचं ठरलं तेव्हा मी कॉलेज बुडवून आले. मला वाटत होतं की मी बोलले तर ऐकतील. मी उभी राहिले आणि सांगितलं की ही आग दरवर्षी लागते म्हणून खाली एकही नवा मोह येत नाही, बघा तुम्हीच, गावात पोरगा म्हणावा असा मोह कुठंय, सगळे म्हातारे आहेत. जसे हे संपतील तसा मोह संपेल.

शेजारचा काका म्हणाला, "जाळला कोणं? तुह्या बापानं. शिकवून कोण राह्यलं? तूच."

एक बाई म्हणाली, "बाई, तू कॉलेजात बसतं. फुलं आमाले वेचा लागतेत. पाल्यातून तू वेचून देशीन काय?"

तिचं खरंच होतं. पहाटे उठून, वाकून, विंचवाच्या भीतीनं फुलं तिला वेचावी लागत होती. माझ्याकडे तिला द्यायला काही नव्हतं. मी खाली बसले. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या वर्षीही आग आली, पण बाबा पहाटेपासून कुदळ घेऊन रोपांभोवती माती उकरून ठेवत होते, रुंद पट्टा, गवताची काडी नसलेला. आग पट्ट्यापर्यंत येऊन थांबली. काही रोपं धगीनं वाळली. काही राहिली.

मग दरवर्षी तेच. कुदळ, पट्टा, पहारा. त्यांचे खांदे उतरले. पाटील एकदा त्या बाजूनं जाताना थांबला आणि म्हणाला, "सोड भाऊ आता. मी असंच बोललो होतो त्या दिशी. तुह्या घराले पाळी देतो, बस."

हे बाबांनीच घरी सांगितलं. मायनं विचारलं, "मंग तुमी काय म्हटलं?"

"काय म्हणू. म्हटलं, टोरी लागू द्या."

माय त्या दिवशी त्यांच्यावर खूप चिडली. मी तिला एवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "तुमच्या इज्जतीपायी मी किती वर्सं पामतेल खाऊ?" बाबा उठून बाहेर गेले. मला दोघांचंही बरोबर वाटलं, आणि त्याचा कोणालाच उपयोग नव्हता.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना पावसाळ्यात बाबांना ताप आला. आमच्याकडे पावसाळ्यात ताप सगळ्यांनाच येतो. गोळ्या घेतल्या, उतरला, पुन्हा चढला, आणि चढल्यावर ते ओळखेनासे झाले. नाल्याला पूर होता. खाटेवर घालून दवाखान्यात न्यायचं तर नाला उतरायची वाट बघायला लागली. नाला उतरायच्या आत ते गेले. मी चंद्रपूरहून पोचले तेव्हा पूर ओसरला होता.

उशाशी दिवा लावायची वेळ आली आणि घरात टोरीचं तेल नव्हतं. बाया एकमेकींकडे बघत होत्या. माय उठली आणि वाटी घेऊन पाटलाच्या दारात गेली. सगळ्या गावासमोर. पाटलिणीनं तेल दिलं. दिवा लागला. माझ्या बाबांच्या उशाशी दुसऱ्या घराच्या तेलाचा दिवा जळला. ज्यासाठी ते इतकी वर्षं कुदळ मारत होते ते नेमकं त्यांच्याच वाट्याला आलं नाही. मी हे कसं सहन केलं ते मला सांगता येणार नाही. दिव्याकडे बघायचं टाळलं, एवढं आठवतं. भाऊ घुग्घुसहून दुसऱ्या दिवशी आला. तो मात्र दिव्याकडेच बघत बसला होता.

दिवसकार्य झाल्यावर माय म्हणाली, "तू जाय. परीक्षा दे."

"तू एकटी?"

"मी एकटी काय नवीन हाओ. जाय."

मी गेले आणि बी.ए. झाले. निकाल घेऊन आले तेव्हा माय शेणानं अंगण सारवत होती. तिनं हात न धुताच विचारलं, "झालं?" मी म्हटलं, झालं. "बेस," ती म्हणाली आणि राहिलेला कोपरा सारवून घेतला. नोकरी लगेच मिळाली नाही. पुढं आश्रमशाळेत मानधनावर लागले, तीच आश्रमशाळा जिथं मुली माझ्याजवळ बसायच्या नाहीत. आता मी डोक्याला साधं खोबरेल लावत होते. नाइलाज होता, टोरीचं तेल होतंच कुठं.

बाबांनी लावलेल्यांतली तीन रोपं राहिली होती. फाल्गुन आला की मी सुट्टी टाकायची आणि मायसोबत पट्टा उकरायची. माय मधेमधे बसायची. एकदा म्हणाली, "तुह्या बापाचा राग येते मले आजही. पण हे सोडवत नाई." एक रोप रानडुकरांनी उकरून टाकलं. दुसरं एका कोरड्या वर्षी उभंच वाळलं. तिसरं राहिलं. ते माझ्या उंचीचं झालं, मग माझ्या वर गेलं. त्याला मी कधी हात लावला नाही. मला भीती वाटायची.

तोवर गाव बदललं होतं. व्यापारी टोरी तशीच विकत घ्यायला लागला. फोडा नको, वाळवा नको, कुटा नको, नुसती गोळा करा आणि आणा. सगळ्या बायांनी तेच केलं, त्यांना दोष कोण देईल. त्या पैशांतून पाकीट यायचं. पाटलाच्या आवारातल्या फळ्यांना वाळवी लागली. मग पाटील गेला, आणि एका हिवाळ्यात त्या फळ्या कोणीतरी शेकोटीत घातल्या. पिशवी भरता येणाऱ्या बायांमध्ये माझी माय एकटी उरली आणि तिला भरायला कोणाची पिशवी नव्हती. रिकाम्या बसलेल्या तिच्या हातांकडे बघवत नव्हतं. तिला मी आश्रमशाळेजवळ माझ्या खोलीवर यायला म्हटलं, ती आली नाही.

मग एका वर्षी त्या मोहाला थोडी फुलं आली. दुसऱ्या वर्षी फुलांनंतर फळं. फार नाही, खालच्या दोन फांद्यांना. माय ती रोज जाऊन मोजत नव्हती, पण रोज जात होती. पिकल्यावर तिनं फळ फोडून टोरी माझ्या तळहातावर ठेवली. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "बरं झालं." मग म्हणाला, "काय करतं आता त्याचं?" मी म्हटलं, काही नाही. त्याच्यामागं गाड्यांचा आवाज येत होता.

मी बैठकीत गेले. जुन्या पाटलाचा मुलगा आता पाटील होता, मोटारसायकलवरून आला होता आणि त्याला कुठंतरी जायचं होतं. माय माझ्या शेजारी बसली, बायांच्या मागं नाही. मी उभी राहून सांगितलं की ह्या गावच्या बैठकीत आमच्या घराला सांगितलं होतं, मोह उभा करून दाखवा, टोरी लागली की वाटा आणि पाळी. मोह उभा आहे. टोरी लागली आहे. कोणाला बघायची तर चला.

बऱ्याच जणांना ते आठवतही नव्हतं. मागून कोणी म्हणालं, "आता पाळी कायची, बाई? फळ्याच नाई."

मी म्हटलं, "फळ्या नाईत ते मलेही दिसते. मी पाळी मागून नाई राह्यली. जे बोललं गेलं ते पुरं झालं का नाई, तेवढं सांगा."

शेजारचा काका, तो आता वाकलेला, काठी टेकून बसला होता. तो म्हणाला, "पुरं झालं. मी होतो त्या बैठकीत. पुरं झालं." माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.

नवा पाटील म्हणाला, "मंग मान्य आहे. सगळ्याइले मान्य ना?" लोक हो म्हणाले. काही उठायलाही लागले होते, विजेच्या खांबांचा विषय पुढे होता.

माय घरी जाऊन चूल पेटवू लागली. मी विचारलं, "आता कसं वाटते?" ती म्हणाली, "भात टाकाचा आहे, सरक." 

बाबा नाहीत. भाऊ परत आला नाही. गावात तेल काढत नाही कोणी. पण आमच्या घराला मोह आहे, माझ्या बापानं लावलेला, आणि गावानं तो बैठकीत मान्य केला आहे.